लॅपटॉप ओव्हरक्लॉक करायचाय, पण मुळात त्याचा खरा वेग किती धरायचा?

उंबरठा | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१८ सालचा लॅपटॉप आहे. आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मागच्या वर्षी एसएसडी टाकून घेतली. मामेबहिणीच्या लग्नाचं शूटिंग माझ्या गळ्यात पडलंय. दहा मिनिटांचा तुकडा एक्स्पोर्टला लावला की पावणेदोन तास. अजून हळदच संपलेली नाही, लग्न लागायचंय. मामी दिवसाआड फोन करते.

म्हणून ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचे, व्हिडिओ बघायला लागले आणि जास्तच गोंधळले. सिस्टीमच्या माहितीत एकाच ओळीत दोन वेग लिहिलेत: नावापुढे १.६० गिगाहर्ट्झ आणि त्याला लागूनच १.८० गिगाहर्ट्झ. टास्क मॅनेजर म्हणतो बेस स्पीड १.८०. त्याच खिडकीत मोठ्या आकड्यात कधी ३.३८ दिसतं, कधी २.१, कधी चक्क ०.३९! खोक्यावर 'अप टू ३.४' छापलं होतं. ह्यातला खरा कुठला? आणि तो ४ पर्यंत नेता येईल का?

लॅपटॉप घरी जास्त रडतो, ऑफिसात बरा चालतो. आमच्याकडे सोलापुरात सध्या दुपारी ४२ आहे आणि ऑफिसात एसी, त्यामुळे असेल. बॅटरीही थकलीये, घरी आली की आहे त्या टक्क्यावर अडून बसते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोटमाळा | शनिवार, रात्री ११:५२

उंबरठाभाऊ, लॅपटॉप ओव्हरक्लॉक करू नये. चूल होते. एवढंच.

उंबरठा | शनिवार, रात्री ११:५५

भाऊ नाही, ताई. आणि चूल आताही होतेच.

गुणाकार | रविवार, सकाळी ७:१०

आधी दोन आकड्यांचं कोडं सोडवू, ते सोपं आहे.

१.६० हा आकडा चिपच्या नावाचाच भाग आहे. कारखान्यात नावासकट चिपमध्ये कोरलेला, तो कधीच बदलत नाही. मनगटावर गोंदवलेल्या नावासारखा. १५ वॅट विजेत हा प्रोसेसर किमान एवढा वेग सतत देईल, असा इंटेलचा शब्द. पण ह्याच चिपला २५ वॅट द्यायची आणि तेवढी उष्णता बाहेर काढायची तयारी लॅपटॉपवाल्याची असेल तर मूळ वेग १.८० धरायची मुभा इंटेलने दिलेली आहे. उलट १० वॅटवर ठेवला तर ०.८०. तुमच्या कंपनीने १.८० निवडला, म्हणून विंडोज दोन्ही शेजारी शेजारी दाखवतं. दोन्ही खरे, आणि दोन्हींचा तुमच्या एक्स्पोर्टशी फारसा संबंध नाही.

३.४ ही टर्बोची, म्हणजे जमेल तेव्हा मूळ वेगाच्या वर मारायच्या उडीची, कमाल. 'अप टू' हे दोन शब्द दुकानदार नेहमी पुटपुटतो, तेवढेच महत्त्वाचे असतात.

आता ४ चं. प्रोसेसरला १०० मेगाहर्ट्झचा एक मूळ ठोका मिळतो. आतमध्ये त्याला गुणक लागतो. ३४ ने गुणलं की ३.४ गिगाहर्ट्झ, १८ ने गुणलं की १.८. तुमच्या चिपमध्ये हा गुणक ३४ च्या वर कुलूपबंद आहे. नावाच्या शेवटी 'यू' असलेल्या इंटेल चिपांचं हे असंच. कुलूप नसलेल्या लॅपटॉप चिपाही असतात, आय७-६८२०एचके, आय९-८९५०एचके, अलीकडच्या १२९००एचएक्स वगैरे. त्या जाडजूड गेमिंग मशिनांत बसवतात. मूळ ठोकाच १०० चा १०५ करावा म्हणाल, तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणारं मूळ सॉफ्टवेअर) बहुधा ती सोयच नसते.

थोडक्यात ४ विसरा. तुमचं दुखणं वरच्या टोकाला नाहीच.

जुनीपेटी | रविवार, सकाळी ९:३०

अवांतर होईल, पण रविवार आहे, चहा झालाय.

कुलूप का लागलं तेही सांगतो. ९८-९९ साली आम्ही लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घ्यायला जायचो. त्या काळात कमी वेगाचा पेंटियम घेऊन त्यावरचा छाप खरवडायचा आणि वरचा आकडा छापून विकायचा, असा धंदा जगभर चालायचा. मशीन सुरू झालं की स्क्रीनवर वरचाच आकडा दिसायचा, कारण बोर्डावरच्या जंपरने तसं सांगितलेलं असायचं. खरा वेग किती हा प्रश्न ताई आज विचारतायत, आम्हाला तेव्हाही पडायचा. इंटेलने गुणक बंद केला त्यामागचं एक मोठं कारण हे.

पण बस, म्हणजे गुणकाआधीचा मूळ ठोका, मोकळी राहिली होती! सेलेरॉन ३००ए. गुणक साडेचार, बस ६६ ची, म्हणून ३००. बस १०० वर नेली की गुणक तोच आणि वेग ४५०. तेव्हाच्या महागड्या पेंटियम टू एवढा. ज्या बोर्डावर तशी सोय नसायची तिथे प्रोसेसरच्या कडेची बी२१ नावाची सोनेरी पट्टी झाकायची. मी बहिणीचं नेलपॉलिश वापरलं. गुलाबी. काडेपेटीतल्या काडीच्या टोकाने एकाच पट्टीवर, शेजारच्या पट्टीला न लागता. तीनदा पुसून चौथ्यांदा जमलं. स्क्रीनवर ४५० उमटलं तेव्हा आमच्या चाळीत मी अणुस्फोट केल्यासारखा फिरत होतो. आणि ते ४५० खरंखुरं होतं.

पुढे एएमडीच्या ड्युरॉनवर शिसपेन्सिलीने रेघा ओढून गुणक मोकळा करायचो. चिपच्या पाठीवर बारीक सोनेरी ठिपक्यांच्या जोड्या असायच्या, त्यांच्यामध्ये ग्राफाईट घासायचं. मऊ पेन्सिल लागायची, एचबीने नीट काम होत नसे.

पोटमाळा | रविवार, सकाळी ९:४८

काकांच्या प्रतिसादाची वाखु (वाचनखूण) साठवली.

घड्याळजी | रविवार, दुपारी १२:१५

खऱ्या वेगाबद्दल लिहितो, कारण ह्या प्रश्नावर मी एकेकाळी आठवडा घालवलाय. लांबेल.

प्रोसेसरचा वेग म्हणजे सेकंदाला किती ठोके. ३.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३४० कोटी. एका ठोक्याच्या वेळात प्रकाशसुद्धा ९ सेंटीमीटर पुढे जात नाही, तुमच्या टचपॅडची रुंदी ओलांडत नाही. हे डोळ्याने मोजता येत नाही, म्हणून कुणाला तरी विचारावं लागतं आणि प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या माणसाला विचारतं.

काही सॉफ्टवेअरं फक्त गुणक वाचून १०० ने गुणतात. म्हणजे गाडीचा गियर बघून वेग सांगण्यासारखं. गाडी उभी असली तरी गियर चौथाच.

विंडोजचा टास्क मॅनेजर जरा बरं करतो. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्ये (आतला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) दोन मोजणीयंत्रं असतात, एपर्फ आणि एमपर्फ. एमपर्फ ठरलेल्या एकाच गतीने पुढे सरकतं. एपर्फ कोअर प्रत्यक्ष ज्या वेगाने धावतोय त्या वेगाने सरकतं. कोअर झोपला की दोन्ही थांबतात. दोघांचा भागाकार काढा, मूळ वेगाने गुणा, झाला वेग. १.८० हा मूळ वेग धरून भागाकार १.८८ आला की ३.३८. ताईंना दिसलेला आकडा असा येतो. तो खोटा नाही, पण ती जागेपणीची सरासरी आहे. कोअर सेकंदातला ९५ टक्के वेळ झोपलेला असेल आणि उरलेल्या वेळात ३.४ ने पळाला, तरी आकडा ३.४ च.

म्हणून एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक' अशी वेगळी ओळ असते. ती झोपेचा वेळही हिशोबात धरते. मशीन रिकामं असताना वरच्या ओळीत ३.४ गिगाहर्ट्झ आणि खालच्या ओळीत ४०-५० मेगाहर्ट्झ बघून लोक घाबरतात. दोन्ही बरोबर असतात. लिनक्सवाले टर्बोस्टॅट वापरतात, त्यातही हेच दोन आकडे दोन रकान्यांत मिळतात.

आणखी एक. आकडा ३.४० न दिसता ३.३९ दिसतो, कारण मूळ ठोका बरेचदा नेमका १०० नसून ९९.८ च्या आसपास मोजला जातो. तो मुद्दाम किंचित हलता ठेवतात, म्हणजे सगळा रेडिओ गोंगाट एकाच फ्रिक्वेन्सीवर गोळा होत नाही.

आता तुमचा ०.३९ बघा. ९९.८ ला ४ ने गुणा. ३९९. गुणक ४ हा तुमच्या चिपचा तळ आहे. एक्स्पोर्ट चालू असताना, सगळे कोअर कामात असताना जर हा आकडा दिसत असेल तर ते उन्हाचं काम वाटत नाही. उन्हाने वेग पायऱ्या पायऱ्यांनी उतरतो: ३.४, २.८, २.२. थेट विहिरीत कुणीतरी ढकलल्याशिवाय पडत नाही.

उंबरठा | रविवार, दुपारी १:०२

इतकं इस्कटून सांगितल्याबद्दल आभार. हो, एक्स्पोर्ट चालू असतानाच ०.३९ दिसतं. पंखा तर तेव्हा उलट शांत असतो, हे आत्ता लक्षात आलं.

धूळझटक | रविवार, दुपारी १:२०

पंखा शांत, वेग ०.३९. मग प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट-बिस्ट बदलायच्या आधी थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर टाका. त्यात 'लिमिट्स' म्हणून बटण आहे, दाबलं की वेग कशामुळे अडलाय ते चौकटीत दाखवतं. थर्मल लाल झालं तर उष्णता, पीएल१ किंवा पीएल२ झालं तर विजेची मर्यादा. मला वाटतं तुमच्याकडे 'प्रोकहॉट' लागलेलं असणार.

काळीमैना | रविवार, दुपारी २:०५

विजेची मर्यादा म्हणजे काय ते मी सांगते, कारण ३.४ सतत का टिकत नाही ह्याचं उत्तर तिथे आहे.

पीएल२ ही थोड्या वेळाची उधारी, पीएल१ हा महिन्याचा पगार. सुरुवातीला प्रोसेसर ४० वॅटच्या घरात खाऊ शकतो, साधारण २८ सेकंद. मग पगारावर यावं लागतं, १५ वॅट. चार कोअर भरून काम असेल तर १५ वॅटमध्ये ३.४ परवडत नाही, २.२ ते २.५ परवडतं. कंपनी, पंखा, व्होल्टेज ह्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणून पहिलं अर्धं मिनिट लॅपटॉप भन्नाट आणि मग बैल.

वेग वाढवायला इतकी वीज का लागते? वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वर जायला व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही सारखेच वाढले असं धरलं तर २० टक्के वेगासाठी जवळजवळ ७३ टक्के जास्त वीज. हेच उलटं वापरून लोक व्होल्टेज थोडं कमी करायचे, म्हणजे त्याच १५ वॅटमध्ये जास्त वेग बसायचा. लॅपटॉपवाल्यांचं खरं ओव्हरक्लॉकिंग हेच होतं.

'होतं' म्हणायचं कारण, डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लूव्हनच्या संशोधकांनी प्लंडरव्होल्ट दाखवलं. व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातलं गणित चुकवता येतं आणि त्यातून गुपितं बाहेर काढता येतात. त्यानंतर आलेल्या बायोस अपडेटांनी बऱ्याच लॅपटॉपांवर व्होल्टेजची ती कळ बंद झाली. ताईंनी बायोस अपडेट केला असेल तर त्यांच्याकडेही नसेल.

पोटमाळा | रविवार, दुपारी २:११

उधारी-पगार +१. माझा २८ सेकंदसुद्धा टिकत नाही, पगाराचं म्हणतोय.

उंबरठा | रविवार, संध्याकाळी ६:४५

थ्रॉटलस्टॉप टाकलं. 'प्रोकहॉट' लाल आहे. पण तापमान ५१! प्रोकहॉट म्हणजे गरम झाला असंच ना? ५१ ला कुठला गरम?

धूळझटक | रविवार, संध्याकाळी ६:५८

वाटलंच. प्रोकहॉट ही प्रोसेसरची 'भाजलो!' अशी हाक असते, तुमच्या चिपला १०० अंशाला. पण ती तार दोन्ही बाजूंनी चालते. बोर्डावरचा दुसरा कुणीही ती खाली ओढून प्रोसेसरला 'तू भाजलायस' असं सांगू शकतो, आणि तो बिचारा खातरजमा न करता ४०० मेगाहर्ट्झवर बसतो. ह्याला बीडी प्रोकहॉट म्हणतात. थ्रॉटलस्टॉपमध्ये त्या नावापुढची बरोबरची खूण काढा, प्रोसेसर ती हाक ऐकणंच सोडून देईल.

घड्याळजी | रविवार, संध्याकाळी ७:१५

थांबा, खूण काढू नका. आधी कोण ओरडतंय ते बघा.

ताई, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात दोन गोष्टी जाताजाता लिहिल्यात. घरी हळू, ऑफिसात बरा. आणि घरी बॅटरी आहे त्या टक्क्यावर अडून बसते. घरचा चार्जर आणि ऑफिसचा चार्जर एकच आहे का?

उंबरठा | रविवार, संध्याकाळी ७:२०

नाही. ऑफिसात लॅपटॉपबरोबर आलेला ठेवलाय, रोज ओझं नको म्हणून. घरचा स्टेशनजवळच्या गल्लीतून घेतला, ९०० रुपयाला. त्यावर ६५ वॅटच लिहिलंय, मी बघून घेतलं होतं.

घड्याळजी | रविवार, संध्याकाळी ७:२६

घरी लॅपटॉप सुरू करताना काळ्या पडद्यावर काही इंग्रजी मजकूर येतो का?

उंबरठा | रविवार, संध्याकाळी ७:३१

येतो. अडॅप्टरबद्दल काहीतरी. एंटर दाबलं की जातो. रोज दाबते.

जुनीपेटी | रविवार, संध्याकाळी ७:३३

:-)

घड्याळजी | रविवार, संध्याकाळी ७:५०

काही लॅपटॉपांच्या चार्जरच्या गोल तोंडात मधोमध बारीक सुई असते. ती वीज द्यायला नसते, ओळख द्यायला असते. चार्जरमधली एक छोटी चिप त्या सुईवरून सांगते की मी अमुक इतक्या वॅटचा. ओळख पटली नाही तर लॅपटॉप समजतो की हा किती वीज झेपवेल माहीत नाही. मग तो बॅटरी भरणं थांबवतो आणि प्रोसेसरला प्रोकहॉटच्या तारेवरून तळाला दाबून ठेवतो. तुमच्याकडे तीनही लक्षणं आहेत.

सॉफ्टवेअरच्या आकड्यांवर विश्वास नसेल तर मोबाईलच्या स्टॉपवॉचने पडताळा. एकामागून एक बेरीज करणारा साधा लूप असतो, पुढची बेरीज आधीच्या उत्तरावर अवलंबून. अशी बेरीज तुमच्या प्रोसेसरला बरोबर एक ठोका घेते. १०० अब्ज फेऱ्या मारायच्या आणि लागलेल्या सेकंदांनी १०० ला भागायचं, आला वेग गिगाहर्ट्झमध्ये. सी भाषेत सरळ लिहिला तर कंपायलर अतिशहाणपणा करून अख्खा लूप गाळतो आणि उत्तर शून्य सेकंदात येतं, म्हणून चार ओळी असेंब्लीत लिहिल्यात. इथे चिकटवलं की मोडतोड होते, सोर्स व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. अनोळखी माणसाकडून एक्झी (तयार प्रोग्रामची फाईल) घेऊ नका, माझ्याकडूनही.

एकदा घरचा चार्जर लावून, एकदा काढून.

उंबरठा | रविवार, रात्री १०:२०

धाकट्या भावाकडून कंपाईल करून घेतलं.

चार्जर लावून: ४ मिनिटं ११ सेकंद.
चार्जर उपसून, नुसत्या बॅटरीवर: साडेतीस सेकंद.

मी भागाकार तीनदा केला. ०.४ आणि ३.२८. म्हणजे चार्जर काढला की आठपट वेग?! महिनाभर मी रात्री एक्स्पोर्ट लावताना बॅटरी संपू नये म्हणून आठवणीने चार्जर लावून झोपत होते.

आणि सुई आहे हो आमच्या चार्जरला. मग?

घड्याळजी | रविवार, रात्री १०:३४

सुई असेल, तिच्यामागे चिप नसेल. किंवा वायर तुटलेली. बाहेरून कळत नाही.

धूळझटक | रविवार, रात्री १०:४०

मी अजूनही म्हणतो, लग्न आटपेपर्यंत खूण काढून चालवा.

काळीमैना | रविवार, रात्री १०:५२

९०० रुपयाच्या चार्जरवर ६५ लिहिलंय म्हणून तो ६५ देतोच असं नाही. आत ४५ चं सामान असलं तर? प्रोसेसर मोकळा सोडला की सगळा भार त्या डबीवर, आणि ती रात्रभर गादीशेजारी. माझं मत, अजिबात नको. खरोखर सेन्सर बिघडलाय असं सिद्ध झालं असतं तर वेगळी गोष्ट.

धूळझटक | रविवार, रात्री १०:५५

बरं, हे पटलं. मागे घेतो.

जुनीपेटी | सोमवार, सकाळी ८:१५

सगळे वेगाच्याच मागे लागलेत म्हणून एक टीप. २००० नंतर पेंटियम फोरचा गिगाहर्ट्झ फुगत गेला, ३.८ पर्यंत पोचला. ४ चा जाहीर करून २००४ मध्ये इंटेलने स्वतःच रद्द केला, उष्णता झेपेना. त्याच सुमारास लॅपटॉपातला १.६ चा पेंटियम एम त्याच्याहून कितीतरी जास्त वेगाच्या पेंटियम फोरला कामात गाठायचा. एका ठोक्यात काम किती होतं ते आकड्यात दिसत नाही.

उलटाही प्रकार झालाय. २००७ चा तो चिमुकला ईई पीसी ७०१ आठवतो? आत ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन, पण बस १०० ऐवजी ७० वर ठेवलेली, म्हणून तो ६३० नेच चालायचा. लोकांनी सॉफ्टवेअरने बस वर नेली आणि ओव्हरक्लॉक केलं म्हणून मिरवले. खरं म्हणजे विकत घेतलेलंच परत मिळवलं होतं.

उंबरठा | बुधवार, रात्री ९:३०

अपडेट.

सोमवारी ऑफिसातला चार्जर घरी आणला. एंटर दाबावा लागला नाही, काळा पडदा आलाच नाही. तोच दहा मिनिटांचा तुकडा ३४ मिनिटांत. पंखा मात्र आता रॉकेलच्या स्टोव्हसारखा वाजतो. तापमान ९७, वेग पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर १.९ वर येऊन थांबतो, लिमिट्समध्ये आता थर्मल लाल.

काल भावाने मागचं झाकण उघडलं. पंखा आणि जाळीच्या मध्ये धुळीची वाकळ बसली होती, अक्षरशः घडी करून उचलता येईल अशी. वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. आता ८४ अंश, २.३ वर स्थिर, लाल चौकट पीएल१ ची. म्हणजे काळीमैना म्हणाली तो पगार. तुकडा २८ मिनिटांत.

रॅमची एकच पट्टी आहे, दुसरी जागा रिकामी आहे, पुढच्या महिन्यात भरते. हळद संपली, आता सीमांतपूजन.

काळीमैना | बुधवार, रात्री ९:४१

दुसरी पट्टी जरूर. ८ जीबीत व्हिडिओ म्हणजे एका ताटात दोघांनी जेवायचं.

जुनीपेटी | बुधवार, रात्री ९:५०

तो ९०० वाला चार्जर फेकू नका, मला पाठवा. फोडून बघायचाय.

सुपारी_फुटली | गुरुवार, पहाटे १२:४७

धागा वाचला, छान माहिती. माझा पण ०.७९ वर अडकतो. चार्जर कंपनीचाच आहे, तापमान ४६, प्रोकहॉट लाल. मागच्या आठवड्यात कीबोर्डवर सोलकढी सांडली होती, त्याचा काही संबंध असेल का?

घड्याळजी | गुरुवार, सकाळी ६:५५

वेगळा धागा काढा. आणि तोवर चालू करू नका.